मामीचा अंगठा



या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवतोय. आधी एका अंगठ्याचा हिशेब करू.

माझी आई वणीकडची. तिचा भाऊ, माझा मामा, तिकडच्या एका कोळसाखाणीत कंत्राटदाराकडे ट्रक भरायचा. २००९ साली मागे येणाऱ्या डंपरखाली गेला. मी तेव्हा शाळेत होतो. जलदानविधी व्हायच्या आत कंत्राटदाराचा मुनीम झोपडीत आला. वीस हजार मोजले, स्टॅम्पपेपरवर मामीचा अंगठा घेतला, म्हणाला, ‘आता तुमचंआमचं मिटलं.’ वर हेही सांगून गेला की मामा मस्टरवर नव्हताच. मामीला विचारलं तर आजही म्हणते, ‘मले का मालूम, बापू? त्यानं इथं लाव म्हटलं, म्या लावला.’

आता ऐका. १९२३ सालापासून कामगार भरपाईचा कायदा होता. त्याचं कलम ८ सांगायचं की मेलेल्या कामगाराची भरपाई मालकाने आयुक्ताकडेच भरायची. परस्पर बायकोच्या हातावर टेकवले म्हणजे भरपाई दिली असं होत नाही. कलम १७ सांगायचं की भरपाईचा हक्क सोडल्याचा कुठलाही करार रद्दबातल. सही असो की अंगठा. कलम १२ सांगायचं की माणूस कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. दावा दोन वर्षांत लावायचा. उशिराला पटणारं कारण असेल तर आयुक्त तोही माफ करू शकत होता.

म्हणजे मामीचा अंगठा कागदाच्या लायकीचाही नव्हता. कायदा तिच्या बाजूने उभा होता आणि अख्ख्या वस्तीत ते एकालाही ठाऊक नव्हतं. मला हे कळलं गोदीत, माल उतरवता उतरवता, एका जुन्या युनियनवाल्याच्या तोंडून. तोवर दहा वर्षं उलटली होती.

अजून एक थोबाडीत घ्या. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात कलम ३९-अ आलं: पैसा नाही म्हणून कुणी न्यायाला मुकू नये. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अटही नाही. मामी दलित, मामी बाई, वर कंगाल. तीन दारं उघडी होती तिला. पण दारं यवतमाळच्या कोर्टात, आणि मामी धुळीत. तिथवर जायचं तर दिवसाची मजुरी बुडवा, एसटीचं भाडं भरा, आणि त्याआधी असं काही दार असतं हे कुणी तरी सांगायला हवं.

हा सांगणारा कुठून येतो? छत्तीसगडात दल्ली राजहराला बघा. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं गाव. तिथल्या कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगींबरोबर स्वतःची युनियन उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मेले. १९८३ साली त्याच कामगारांनी आपल्या मेहनतीने शहीद हॉस्पिटल उभं केलं. २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींचा झोपेत खून झाला. खटला सर्वोच्च न्यायालयात २००५ पर्यंत चालला. गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली, बाकीचे सुटले.

त्याच चळवळीत सुधा भारद्वाज होत्या. कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या. १९८६ च्या सुमाराला इकडे आल्या आणि कामगारांतच राहिल्या. वकिलांची फी युनियनला झेपेना, म्हणून त्या २००० साली, चाळिशीला टेकताना, वकील झाल्या. बिलासपूरच्या हायकोर्टात कंत्राटी कामगारांच्या, खाणीखाली जमिनी गेलेल्या आदिवासींच्या केसेस लढल्या. २०१८ साली आपल्याच भीमा कोरेगावच्या नावाने उभ्या केलेल्या खटल्यात त्यांना उचललं. डिसेंबर २०२१ ला जामीन मिळाला. तीन वर्षांच्या तुरुंगात त्या काय करत होत्या? बराकीतल्या बायांचे अर्ज लिहीत होत्या!

यात देवीपण शोधू नका. आधी युनियन होती, मग वकील आला, हे बघा. वकील वरून टपकला तर तो उपकार होतो, आणि उपकार करणारा कंटाळला की निघून जातो. वस्तीने गरज ओळखून वकील घडवला तर तो वस्तीचाच राहतो. आपल्याला हे नवं सांगायला नको. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत बाबासाहेब गरिबांच्या केसेस फुकट बघत. मजूरमंत्री झाल्यावर १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसाखाणीत ते स्वतः उतरले. आपण त्यांचा कोट पुतळ्याला घातला. तो कोट कोर्टात घालायचा असतो, हे किती जणांनी ध्यानात ठेवलं?

मी स्वतः खाणीवर तीन कविता लिहिल्यात. तिन्हींत खाण पेटवलीय. टाळ्या मिळाल्या. मामीला काय मिळालं?

नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा तो कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय. कलमांचे नंबर बदलले. ज्यांना जुने पाठ होते त्यांनाही आता नव्याने शिकायचंय. म्हणजे आपण फार मागे नाही. प्रत्येक शाखेने एक पोरगा, एक पोरगी लॉ कॉलेजात घालावी, फी सगळ्यांनी मिळून भरावी. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यांनी जिल्हा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. त्याला पदवी लागत नाही. वणी, राजुरा, बल्लारपूरच्या वस्त्यांत बसावं, आणि पहिलं वाक्य एवढंच सांगावं: मुनीम आला तर अंगठा देऊ नका.

मी येत्या सुटीत मामीकडे जातोय. तो स्टॅम्पपेपर कंत्राटदाराकडे असेल, पण पोलिसांचा पंचनामा कुठे तरी असेलच. सापडला तर वकिलाला दाखवीन. इतक्या वर्षांनी काही निघेल की नाही, सांगता येत नाही. पण विचारल्याशिवाय आता राहणार नाही.

कोण येतंय बरोबर?

जयभीम.