सहकार्य मोजता आले पाहिजे

भिवंडीत कापड एका छपराखाली तयार होत नाही. सूत एकाकडे येते, सायझिंग दुसरीकडे होते, बीम तिसऱ्याच्या मागावर चढतो आणि कोरे कापड रंगायला चौथ्याकडे जाते. या साखळीतली सगळी माणसे एकमेकांना ओळखतात असेही नाही. तरी धंदा चालतो, कारण सूत आणि विणीची मापे सांगणाऱ्या काउंट, रीड आणि पीक या शब्दांचा अर्थ प्रत्येकासाठी एकच असतो. विद्यार्थ्यांच्या सिंथेटिक बायोलॉजी संघांमधील सहकार्याचा विचार करताना या शहराकडे पाहिले पाहिजे. वाटून केलेल्या कामाला सामाईक माप लागते, हे इथे दिसते. शिवाय इथल्या रंगाईच्या सांडपाण्याचा प्रश्न एकट्या संघाला पेलणारा नाही.

या क्षेत्रातली विद्यार्थ्यांची मोठी स्पर्धा म्हणजे आयजेम. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेल्या एका छोट्या अभ्यासवर्गातून ती उभी राहिली. २००४ मध्ये पाच संघ होते, २००५ मध्ये तेरा झाले आणि आज जगभरातून शेकडो संघ उतरतात. पुण्याची आयसर आणि माटुंग्याची आयसीटी यांचे विद्यार्थीही त्यात उतरले आहेत. एमआयटीतल्याच टॉम नाइट यांच्या ‘बायोब्रिक’ कल्पनेत सहकार्य मुळातच होते: डीएनएचे तुकडे ठरावीक टोकांचे करायचे, म्हणजे एकाने बनवलेला तुकडा दुसऱ्याला जोडता येतो. पुढे इतर संघांना मदत करण्याला पदकांच्या निकषांतही जागा मिळाली.

निकष आला की निकषापुरते काम होण्याचा धोकाही येतो. दोन संघांनी एकमेकांच्या प्रश्नावल्या भरायच्या, एक ऑनलाइन बैठक घ्यायची, दोन बोधचिन्हे शेजारी छापायची आणि त्याला सहकार्य म्हणायचे. ओळखी होतात, उमेद वाढते, हे खरे. पण आमच्या मते सहकार्याची कसोटी एकच आहे: दुसरा संघ नसता तर तुमचा कोणता निष्कर्ष हाती आला नसता? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर ते सहकार्य नव्हे, सदिच्छाभेट आहे.

या कसोटीला पुरेपूर उतरलेले उदाहरण आयजेममध्येच आहे. जिवाणूंच्या वाढीचा अंदाज आपण सगळे ओडी, म्हणजे द्रावणाची प्रकाशीय घनता, पाहून घेतो. पण ओडीचा आकडा मुख्यतः पेशींनी विखुरलेल्या प्रकाशाचा असतो आणि तो यंत्रागणिक बदलतो. एका प्रयोगशाळेतला ०.५ दुसरीकडे ०.५ असेलच असे नाही. आयजेमच्या आंतरप्रयोगशाळा अभ्यासात हिरवे प्रथिन बनवणारे ई. कोलायचे तेच आठ वाण २४४ प्रयोगशाळांनी मोजले आणि ओडीवरून पेशींची संख्या काढण्याच्या तीन स्वस्त पद्धती पडताळल्या. सिलिकाच्या सूक्ष्म मण्यांचे क्रमवार विरलन ही पद्धत सर्वांत भरवशाची ठरली. या अभ्यासाचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यातला कोणताही एक संघ, कितीही श्रीमंत असला तरी, हे एकट्याने दाखवू शकला नसता.

आता रंगाईच्या सांडपाण्याकडे, भिवंडीच्या कामवारी नदीकाठी येऊ. कापडाच्या अनेक रंगांत अॅझो बंध असतो. अॅझोरिडक्टेज हे विकर तो तोडते, पाण्याचा रंग जातो आणि पोस्टरवर आधीची-नंतरची दोन चित्रे छान दिसतात. पण बंध तुटल्यावर अॅरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. पहिली पायरी प्राणवायूविना चांगली चालते, तर अमाइन मोडायला बहुधा प्राणवायू लागतो. म्हणजे रंग गेला की काम अर्धेच झाले. या दोन पायऱ्या दोन संघांनी वाटून घ्याव्यात, अशीच या प्रश्नाची घडण आहे. एका संघाने रंग तोडावा, दुसऱ्याने त्याच पाण्यातले अमाइन मोडावे आणि दोघांनी एकाच पद्धतीने मोजावे.

आणखी एक अडचण आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेल्या शुद्ध रंगावर चालणारा जिवाणू कारखान्याच्या पाण्यात तग धरेल याची खात्री नसते. रिअॅक्टिव्ह रंगांच्या सांडपाण्यात मीठ भरपूर असते, सामू चढा असतो आणि रंगांची मिसळ रोज बदलते. ते पाणी जाणणारी माणसे पुण्यात किंवा माटुंग्यात नाहीत, भिवंडीत आहेत. इथल्या बी. एन. एन. महाविद्यालयासारख्या किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयासारख्या संस्थांतल्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरी माग, सायझिंग, रंगाई हा रोजचा विषय असतो. कारखान्यात कोणता रंग कधी चालतो, पाणी केव्हा सोडतात, हे त्यांना विचारून कळेल. निबंध वाचून कळणार नाही.

जनुकीय बदलांचे काम प्रत्येक महाविद्यालयात करता येत नाही आणि तसे करूही नये. जनुकीय बदल केलेल्या जिवांविषयीचे १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी, योग्य बंदिस्त व्यवस्था हवी. पण नमुने गोळा करणे, त्यांचा सामू, क्षार आणि शोषणवर्णपट नोंदणे, स्थानिक जिवाणू वेगळे करणे, ओळख पटलेले वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाकडे पाठवणे, कामगार आणि मालक दोघांशी बोलणे, ही कामे पदवीच्या साध्या प्रयोगशाळेतून होतात. ती दुय्यम नाहीत. त्यांच्याविना मोठ्या संस्थेतला संघ काल्पनिक पाण्यावर प्रयोग करत राहील.

म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांना आमची विनंती आहे. पुढच्या हंगामाचा विषय ठरण्याआधीच जोडीदार संघ निवडा. कोणाचे काम कोणते आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे एका पानावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करा. एकच संदर्भ वाण, एकच मापनपद्धती ठेवा आणि फसलेले प्रयोगही सामाईक वहीत नोंदवा. नमुने देणाऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची नावे आभारात नकोत, लेखकांच्या यादीत हवीत. आयजेमची नोंदणी काही हजार डॉलरांची आहे. ती भरू न शकणाऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना या कामात बरोबरीचे स्थान देणे मोठ्या संस्थांच्या हाती आहे. त्यांनी ते याच वर्षी द्यावे.