भात सोडा म्हणण्याआधी ताट पाहा

फिटनेसचा सल्ला आता केळशीतही पोचला आहे. त्यासाठी कुणा प्रशिक्षकाला दापोलीहून एसटी पकडून यावं लागत नाही. मुंबईच्या नणंदेनं पाठवलेली दोन मिनिटांची चित्रफीत बचत गटाच्या बैठकीत एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाते. सल्ला ठरलेला असतो : भात सोडा, प्रत्येक जेवणात प्रथिनं घ्या, रोज १०,००० पावलं चाला, आठवड्यातून दोनदा वजनं उचला, ८ तास झोपा. आणि शेवटी हमखास येणारं वाक्य – स्वतःसाठी वेळ काढा, सबबी सांगू नका.

यातलं पुष्कळसं बरोबर आहे. बायांनी ताकदीचे व्यायाम करावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे : आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. पाळी जाताना हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा तर याची गरज अधिकच. १०,००० पावलांचा आकडा मात्र कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. पण चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो सल्ला कुणाला दिला जातो याबद्दल. तो दिला जातो एकट्या बाईला. तो पाळण्यासाठी जे लागतं, म्हणजे अन्न, वेळ आणि जागा, ते मात्र तिच्या एकटीच्या ताब्यात नसतं.

आधी ताट पाहू. आपल्याकडे मासळी येते, कुळीथ आहे, वाल आहेत, नाचणी आहे, पावसाळ्यात टाकळा-भारंगीसारख्या रानभाज्या आहेत. कुळथात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून अधिक प्रथिनं असतात. नाचणीइतका चुना दुसऱ्या कुठल्या धान्यात क्वचितच सापडेल. तेव्हा दोन-तीन हजारांच्या पावडरच्या डब्याची आपल्याला गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहारविषयक सूचनांत अशा पावडरी टाळा असंच सांगितलं आहे. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिनं लागतात. घरात शिजणाऱ्या अन्नातून ती मिळू शकतात.

पण घरात शिजतं ते तिच्या ताटात येतं का? बांगड्याची तुकडी आधी पुरुषांच्या ताटात जाते, मग मुलांच्या. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर बाई बसते, तेव्हा तिच्या वाट्याला भात, त्यावर उरलेलं कालवण आणि भांड्याची खरवड येते. ती भात जास्त खाते, कारण दुसरं काही उरलेलंच नसतं. तिला ‘भात सोडा’ म्हणणं म्हणजे ‘उपाशी राहा’ म्हणणं. आणि उपाशी राहायला तिला कुणी शिकवायला नको. सोमवार, चतुर्थी, नवरात्र करणाऱ्या बाईला आता १६ तास न खाण्याची नवी पद्धत सांगितली जाते, याला काय म्हणावं?

परिणाम आकड्यांत दिसतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ साली ४८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेलं. त्याच पाहणीत दर पाच बायांमागे साधारण एकीचं वजन गरजेपेक्षा कमी निघालं आणि जवळपास तितक्याच बायांचं जास्त. प्रशिक्षक बोलतात ते फक्त जास्त वजनाच्या बाईशी. दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची गरज असलेली आणि ते न मिळणारी बाई जिना चढताना धापा टाकते, तेव्हा तिला आळशी ठरवणं हा अन्याय आहे.

आता वेळ. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. शिवाय आपल्याकडे लावणी-कापणी, बाग, मासळी आहेच. मग लोक म्हणतात, एवढे कष्ट करतेस, तुला वेगळा व्यायाम कशाला? हेही तितकंच चुकीचं. व्यायामात ओझं हळूहळू वाढवतात, दोन्ही बाजूंना सारखं काम देतात, मधे विश्रांती घेतात. लाकडाची मोळी आणि पाण्याची कळशी असला विचार करत नाही. लावणीत तासन्‌तास वाकून कंबर मोडते, बळकट होत नाही. म्हणून व्यायाम हवाच, पण तो कामाच्या डोंगरावर आणखी एक काम म्हणून नको. कुणीतरी घरातलं काम उचलल्याशिवाय बाईचा अर्धा तास मोकळा होत नाही. ‘वेळ काढा’ हे वाक्य म्हणून नवऱ्याला, दिराला, मोठ्या मुलाला ऐकवायला हवं.

तिसरी गोष्ट जागेची. केळशीला एवढा लांब किनारा आहे. त्यावर सकाळ-संध्याकाळ चालतं कोण? बूट घातलेले पाहुणे. गावातली बाई तिथं दिसली तर काही कामानं आली असेल, असंच धरलं जातं. ‘देवळात जाऊन येते’ म्हटलं तर चालतं, ‘चालून येते’ म्हटलं तर चालत नाही. वाडीत काय किंवा मोहल्ल्यात काय, बाईनं विनाकारण बाहेर असणं अजून मान्य नाही. गावोगावी सरकारी निधीतून खुल्या व्यायामशाळा बसल्या, त्यांच्या लोखंडी बाकांवरही संध्याकाळी पुरुषच बसलेले असतात.

आणि एक बोलायची गोष्ट राहतेच. बाळंतपणांनंतर अनेकींना शिंकताना, उडी मारताना लघवी निसटते, कुणाचं अंग बाहेर येतं. त्यांना उड्यांचे व्यायाम सांगितले जातात. त्या दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत आणि कारण सांगत नाहीत. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ९२ टक्के बायांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं होतं. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुखणं तेव्हाही होतं, विचारणारं कुणी नव्हतं. आजच्या प्रशिक्षकानंही विचारलं नाही, तर फरक काय पडला?

म्हणून आपल्या गटांनी हा सल्ला झिडकारू नये, त्याचा पत्ता बदलावा. व्यायाम सुरू करण्याआधी गटातल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं. १२ पेक्षा कमी असेल तिनं आधी उपचार घ्यावेत. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. घरात सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसायचं आणि तुकड्या माणशी मोजून वाढायच्या, यावर बैठकीत उघड बोलावं. सासवांना त्यात आवर्जून बोलवावं, त्यांनीही आयुष्यभर खरवडच खाल्लेली असते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या सभेत मागणी करावी : महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या १० टक्के निधीतून किनाऱ्याच्या वाटेवर दिवे, तिथं स्वच्छतागृह, आणि व्यायामाच्या जागेत बायांसाठी ठरलेली वेळ. एकटी चालायला गेली तर गाव नावं ठेवतं. पंधरा जणी रोज गेल्या तर महिनाभरात गावाच्या अंगवळणी पडतं.

प्रशिक्षकांना एवढंच सांगणं : आम्हाला काय खायचं ते सांगण्याआधी आमच्या घरात शेवटी कोण जेवतं, ते विचारा. आणि पुढची चित्रफीत पुरुषांसाठी करा. संध्याकाळची भांडी घासण्यानं हातांना किती व्यायाम होतो, ते त्यांना समजावून सांगा.