आदमाचं पाप, मागल्या जन्मीचं कर्म आणि मंडणगड तालुका

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मंडणगड तालुक्यात बाणकोट आहे आणि आंबडवेही आहे. बाणकोटला १८२३ साली डोनाल्ड मिचेल हा स्कॉटिश मिशनचा पहिला पाद्री आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्यामागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णैच्या बाजूला शाळा काढल्या, आणि पुढे मुंबईत गाजलेला जॉन विल्सनही १८२९ मध्ये मराठी शिकायला आधी इकडेच आला. आंबडवे हे डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ गाव. माणूस मुळात कसा आहे, या प्रश्नावर गेल्या दोनशे वर्षांत मराठीत जो वाद झाला, त्याची सुरुवात आणि त्याला मिळालेलं सर्वांत तिखट उत्तर ही दोन्ही अशी एकाच तालुक्याशी जोडलेली आहेत.

पाद्री जे सांगत होते ते मराठीला अगदी नवं नव्हतं. आदमाने आज्ञा मोडली आणि सगळी माणसं पापाची वारस झाली, ही कथा फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्येच 'क्रिस्तपुराणा'त ओव्यांत सांगितली होती. पण ते गोव्यात, आणि तिथे १५६० पासून इन्क्विझिशन होतं. बाटलेला माणूस जुन्या चालीवर परतला तर ती सत्तेच्या दृष्टीने नुसती चूक नव्हती, गुन्हा होता. कोकणातल्या पाद्र्यांकडे तसली सत्ता नसल्याने त्यांना वादच घालावा लागला, आणि हे एका अर्थी बरंच झालं.

१८३०-३१ मध्ये हिंदू पक्षाचे मोरभट दांडेकर आणि पाद्री विल्सन यांचा मुंबईत जो सामना झाला, त्यात बराचसा दारूगोळा देवांच्या चरित्रांवर खर्ची पडला. माणसाचा प्रश्न खरा पेटवला तो निळकंठ गोरे यांनी. घराणं कोकणस्थ, वास्तव्य काशीत. १८४४ मध्ये, विशीही ओलांडली नसताना, त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ख्रिस्ती मताचं खंडन केलं. त्यांचा मुद्दा आजही खोडून काढायला अवघड आहे. एक जन्मतः आंधळा, दुसरा जन्मतः सुखी. जन्म एकच असेल तर हा भेद करणारा देव न्यायी कसा? आणि काही वर्षांच्या पापाला अनंतकाळ नरक, हा कुठला हिशेब? मागल्या जन्मीचं कर्म मानलं की निदान देवावरचा आळ टळतो. पाद्र्यांचं उत्तर असं की, जो अपराध आठवतच नाही त्याची शिक्षा भोगून कोण सुधारणार? त्यावर पंडितांनी विचारावं, फळ खाल्लं आदमाने, दंड दापोलीच्या कुणब्याने का भरायचा?

गंमत अशी की चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, गोऱ्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, ते नेहेम्या झाले आणि १८६० मध्ये 'षड्दर्शनदर्पण' लिहून स्वतःच्याच जुन्या पक्षावर चालून गेले. जीव हाच ब्रह्म असेल तर पश्चात्ताप कोणी करायचा, हा त्यांच्या नव्या विचाराचा गाभा. दोन्ही बाजू इतक्या ताकदीने मांडणारा दुसरा माणूस मला तरी आपल्याकडे दिसत नाही. आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून तो जवळजवळ गायब आहे.

ग्रंथ असे लिहिले जात असताना व्यवहारात काय चाललं होतं, ते १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणात दिसतं. मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला. धाकटा श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिलेला. कोर्टाने पोराला बापाच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. हे पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. सनातन्यांनी आकाशपाताळ एक केलं. आत्मा नित्यशुद्ध, त्याला काही चिकटत नाही, हे ज्यांना तोंडपाठ, त्यांना मिशनरी घरात जेवलेलं एक पोर शुद्ध होईना. चर्चच्या बाजूलाही अशी उदाहरणं कमी नव्हती. सगळे सारखेच पापी म्हणणाऱ्या गोव्याच्या चर्चमध्ये बामण आणि चारडो या ख्रिस्ती जातींच्या वेगळ्या पंगती राहिल्याच.

म्हणून मला पंडिता रमाबाईंची साक्ष जास्त मोलाची वाटते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलम भागात वाटचुकल्या ठरवलेल्या स्त्रियांना पुन्हा उभं करण्याचं ख्रिस्ती सिस्टर्सचं काम त्यांनी पाहिलं, आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रं पढलेल्या या बाईला भिडला तो मूळ पापाचा सिद्धान्त नव्हे. जिच्या नावावर समाजाने काट मारली, तिला परतीची वाट असू शकते, हे त्यांना तिथे प्रथम दिसलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच साली ऑक्टोबरात गोरे मुंबईतच वारले. टिळकांना आपण पापी आहोत हे सांगायला आदमाची गरज पडली नाही. ते काम तुकोबांनी आधीच केलं होतं, आणि आपण त्याच वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं वेगळं. ख्रिस्ती नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी सोवळं सांभाळलं. मग जात देवाने केली की माणसाने, यावर एकटीने विचार करून त्यांनी ते एकदाच टाकून दिलं. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मकथेतला हा भाग मला कित्येक धर्मशास्त्री ग्रंथांपेक्षा वरचढ वाटतो.

रत्नागिरीत १९२४ पासून स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी आत्म्याच्या चर्चेत फार वेळ घालवला नाही. रोटीबंदी, बेटीबंदी, शुद्धिबंदी अशा सात बेड्या मोजल्या, आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलेलं पतितपावन मंदिर सगळ्या जातींना खुलं झालं. पण या सगळ्यात दार उघडणारा वरच्या पायरीवरच राहतो.

खालच्या पायरीवरून पाहिल्यावर वाद कसा दिसतो, ते आंबेडकरांनी सांगितलं. धर्मांतरित अस्पृश्यांविषयीच्या, त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या इंग्रजी लेखनात ते म्हणतात ते असं: हिंदू असताना या माणसाला शिकवलं गेलं की तुझी दुर्दशा तुझ्या कर्मामुळे, ख्रिस्ती झाल्यावर शिकवलं गेलं की ती पूर्वजाच्या पापामुळे. दोन्हीकडे भोवतालचा समाज सुटला. शंभर वर्षं एकमेकांचे उभे वैरी म्हणून लढलेले दोन सिद्धान्त त्यांनी असे एका रांगेत उभे केले. दोन्हीत दोष जन्माबरोबर येतो, आणि तो ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच खात्यावर पडतो.

हा आरोप रमाबाईंना तंतोतंत लागू होतो असं मला वाटत नाही. निराधार स्त्रियांसाठी 'मुक्ती'ची वसाहत उभारणारी बाई समाजाला माफ करून बसली नव्हती. पण मिशनच्या रोजच्या उपदेशाला तो लागतो, आणि आपल्या कीर्तनांनाही.

तरी आंबेडकर सगळा भार परिस्थितीवर टाकून मोकळे झाले नाहीत, हे त्यांचे अनुयायी आणि टीकाकार दोघेही विसरतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बुद्ध मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा आहे, आणि चित्त हे सगळ्याचं मूळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांना नकार आहे, सर्व माणसं समान मानण्याचा निश्चय आहे, आणि त्यांच्याच जोडीला चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, व्यभिचार करणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे. सगळा दोष व्यवस्थेचाच असता, तर आचरणाच्या या चार प्रतिज्ञा त्या लाखोंच्या समुदायाकडून म्हणवून घेण्याचं काही कारण नव्हतं.