ऑपरेशनला नेताना म्हाताऱ्या माणसांना उबेत ठेवा

घरातल्या ज्येष्ठांचं ऑपरेशन ठरलं की आपण रक्ताची सोय बघतो, मेडिक्लेमची फाइल शोधतो, डबा कोण पोचवणार ते ठरवतो. अंगातल्या उबेची चौकशी मात्र कुणी करत नाही.

भूल दिली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोटाछातीतली ऊब हातापायांकडे पसरते. पहिल्या तासातच आतलं तापमान एक-दीड अंश सेल्सिअसने उतरू शकतं. वर थिएटरचा एसी, उघडं अंग, गार सलाईन. तरुण माणूस सावरतो; सत्तरी ओलांडलेल्याचे स्नायू झिजलेले असतात, ऊब तयारही कमी होते आणि टिकतही नाही. ‘पाठीतच इंजेक्शन देणार आहेत’ म्हणून निर्धास्त राहू नका. तेव्हाही अंग गार पडतं आणि पुष्कळदा पेशंटला ते जाणवतच नाही.

36 अंशांच्या, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये 96.8 च्या खाली गेलं की रक्त जास्त जातं, भूल उशिरा उतरते, हुडहुडीने हृदयावर ताण येतो. जखमही चिघळू शकते. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या 200 जणांचा एक अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. ऊब न राखलेल्यांपैकी 19 टक्के लोकांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, राखलेल्यांपैकी 6 टक्के.

कुणाला धोका जास्त, हे आधी ओळखता येतं. अंगकाठी बारीक, आधीपासूनच अंग गार, ऑपरेशन लांबणारं, किंवा पूर्ण भूल आणि पाठीतलं इंजेक्शन दोन्ही. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर पाण्याच्या पिशव्यांवर पिशव्या आत सोडतात. ते पाणी कोमट हवं.

भूलतज्ज्ञ तपासायला आले की विचारा: तापमान किती वेळाने मोजणार? सलाईन कोमट करणार का? गरम हवेचं पांघरूण आहे का? ते ऑपरेशनच्या अर्धा तास आधीपासून घातलं तर उत्तम. ही विचारणा म्हणजे आगाऊपणा नव्हे.

खरी हेळसांड बाहेरच्या पॅसेजमध्ये होते. आधीची केस लांबते आणि आजोबा पातळ गाऊनवर स्ट्रेचरवर पडून राहतात. थंडी वाजते का विचारलं तर ‘नाही रे’ म्हणणार. त्या पिढीचा स्वभावच तसा. पाय हाताने चाचपून बघा, सिस्टरकडून ब्लँकेट मागून घ्या. वॉर्डातून हलवण्याआधी तापमान मोजायला सांगा. ते 36 च्या खाली असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर आधी अंग गरम करून मगच आत न्यावं.

ऑपरेशननंतर मायेपोटी गरम पाण्याची पिशवी मात्र पायाला लावू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, कातडी भाजते. पांघरूण घाला आणि सिस्टरना हाक मारा.