हसण्यावारी नेऊ नका!

विनोदी गाणं म्हटलं की आपण 'टाइमपास' असा शिक्का मारून मोकळे होतो. गॅदरिंगला पोट धरून हसायचं आणि सकाळी विसरायचं. मला हे पटत नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, व्याकरण सांभाळून घ्या, मुद्दा मात्र ऐका!)

सी. डब्ल्यू. मॅकॉलचं 'कॉन्व्हॉय' हे १९७५ चं अमेरिकन कंट्री गाणं घ्या. ट्रक ड्रायव्हर रेडिओवरून एकमेकांना चित्रविचित्र टोपणनावांनी हाका मारतात, एकामागून एक ट्रक येऊन मिळतात आणि हा ताफा पोलिसांना न जुमानता, टोलनाका तोडून पुढे जातो. निव्वळ धमाल! जानेवारी १९७६ मध्ये हे गाणं तिथे पहिल्या नंबरवर होतं.

पण या धमालीच्या मागे काय होतं? १९७३ ची तेलटंचाई. डिझेल महागलं, तेव्हा त्या डिसेंबरात ड्रायव्हर्सनी खरोखरच हायवे अडवले. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. ज्याला मैलावर पैसे मिळतात त्याला हळू चालवणं म्हणजे कमाईला कात्री! या लोकांचा आधार होता सीबी रेडिओ. २७ मेगाहर्ट्झ, जेमतेम ४ वॉट, मध्ये ना एक्सचेंज ना ऑपरेटर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, आहे की नाही भारी?

कोणी म्हणेल, वेगमर्यादा बरोबरच होती. १९७४ मध्ये तिथले अपघाती मृत्यूही बरेच घटले. मान्य! पण नियम चांगला असला तरी त्याचा भार कोणाच्या खिशावर पडतो, हे विचारायला नको?

आणि गंमत म्हणजे मॅकॉल हा ड्रायव्हर नव्हताच. ओमाहातल्या बिल फ्राइज या जाहिरातवाल्याने पावाच्या जाहिरातीतून उभं केलेलं ते पात्र! म्हणून काय गाण्यातली तक्रार खोटी ठरते? मला नाही वाटत. मागण्यांचं पत्रक कोण वाचतं हो? पण तेच गाण्यात आलं की ज्यांनी कधी ट्रकचं स्टिअरिंग धरलं नाही, तेही गुणगुणतात.

तेव्हा रेक्टर सर, पुढच्या गॅदरिंगला कोणी मेसच्या डाळीवर गाणं म्हटलं तर जरूर हसा. फक्त दुसऱ्या दिवशी एकदा डाळही चाखून बघा!