जयंतीच्या दिवशी दार लावून बसलेली आई

14 एप्रिलची संध्याकाळ. चाकणमधल्या आपल्या एका वस्तीतून मिरवणूक निघाली होती. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, ट्रकवर बाबासाहेबांची प्रतिमा आणि मागे डीजेच्या भिंती. त्याच गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एक आई कडी लावून बसली होती. खिडकीत तिने गोधडी कोंबली होती. मांडीवर पाच वर्षांचा मुलगा. त्याच्या कानांवर तिचे दोन्ही हात, आणि तो स्वतःच्याच मनगटाला चावत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला भेटलो, तेव्हा धुतलेली पांढरी साडी घडी करून तशीच खाटेवर होती. ती म्हणाली, "ताई, लोक म्हणत्यात ही जयंतीला पण येत नाय. मला काय हौस हाय का घरात कोंडून घ्यायची?"

या मुलाला स्वमग्नता आहे. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. आम्ही बरीच वर्षे दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली आणि आता वस्त्यांमधून फिरतो. अशी मुले आम्हाला मेदनकरवाडीत भेटली, नाणेकरवाडीत भेटली, कुरुळीत भेटली. बहुतेकांना वस्तीत "येडं" किंवा "मुकं" म्हणतात. ते वेडही नाही आणि मुकेपणाही नाही. या मुलांच्या मेंदूची वाढच वेगळ्या तऱ्हेने होते. मूल उशिरा बोलते किंवा बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच हालचाल किंवा एकच शब्द पुन्हा पुन्हा करते. ठरलेला क्रम मोडला की बिथरते. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श त्याला आपल्यापेक्षा कितीतरी पट बोचतो. कुकरची शिट्टी आपल्याला ऐकू येते, त्याला ती टोचते. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. पण लवकर ओळखले आणि योग्य पद्धतीने शिकवले, तर मूल आपले म्हणणे सांगायला, स्वतःचे स्वतः करायला पुष्कळ शिकते.

अशा घरात उपचाराच्या आधी आरोप पोहोचतो. "मोबाइल दिला म्हणून झालं." "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही." "मागच्या जन्मीचं पाप." बोट दरवेळी आईकडेच. हे फक्त आपल्याकडे झाले असे नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अमेरिकेत या अवस्थेचे वर्णन केले, आणि पुढे कित्येक वर्षे तिकडचे मोठमोठे तज्ज्ञ आईच्या थंड स्वभावालाच दोष देत राहिले. ते खोटे ठरले. 1998 साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात गोवराच्या एकत्रित लशीवर संशय घेणारा लेख आला. 2010 साली त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदणीतून काढले गेले. म्हणून लस चुकवू नका. राहिला प्रश्न मागच्या जन्माचा. मागच्या जन्मीच्या कर्माची फळे या जन्मी भोगावी लागतात, ही शिकवण बुद्धाची असू शकत नाही, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. वर्षावासात तो ग्रंथ आपण दरवर्षी वाचतो. तरी 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली सून मुलाला घेऊन गुपचूप बाबाकडे जाते, कारण शेजारीण सकाळ-संध्याकाळ तिला पाप मोजून दाखवते. दोष त्या सुनेचा किती आणि आपला किती?

आता ही घरे कशी निभावतात ते पाहा. चाकणच्या बहुतेक खोल्यांमधले लोक मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेले. आजी-आजोबा गावाकडे. नवरा-बायको दोघे कंत्राटी. मुलाचे कळले की आधी आईचे पॅकिंगचे काम सुटते. वर सांगितलेल्या मुलाच्या वडिलांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली आहे, दिवसा मुलाला वाचा-उपचाराला नेता यावे म्हणून. चार तास झोपतात. एका बैठकीची फी आणि त्यांची एका दिवसाची हजेरी जवळजवळ सारखीच. आईने जुन्या कॅलेंडरची आणि बिस्किटाच्या पुड्यांची चित्रे कापून भिंतीवर क्रमाने चिकटवली आहेत : दात घासणे, आंघोळ, जेवण, झोप. मुलगा बोलत नाही, पण पाणी हवे असले की तांब्याचे चित्र काढून तिच्या हातात देतो. डाळ शिजवायची ती तो नळावर वडिलांसोबत असताना. दाराची कडी तिने वर, त्याचा हात पोहोचणार नाही अशी लावून घेतली, कारण गल्ली संपली की नाशिक हायवे आणि त्यावर कंटेनरची रांग. प्रत्येक शर्टाच्या आतून फोन नंबर शिवलेला आहे. आमच्या तीन वर्षांच्या डिप्लोमात हे कुणी शिकवले नव्हते. ते आम्ही या बाईकडून शिकलो.

आणि अशा आईला आपण काय म्हणतो? "खरी रमाई आहे." आमचे मत आहे की हे कौतुक आता थांबवावे. रमाईने लेकरे गमावली, उपास काढले, ते पुढच्या प्रत्येक बाईने एकटीने सोसावे म्हणून नव्हे. त्याग म्हटले की आपले हात मोकळे होतात. तिला हार नको आहे. आठवड्यातून दोन तास कुणीतरी मुलाजवळ बसावे, एवढेच हवे आहे.

अट्ठकथेतली चूळपंथकाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्खू, पण त्यानेच त्याला विहारातून घरी जायला सांगितले. बुद्धाने त्याला परत आणले. गाथा बाजूला ठेवली, हातात एक स्वच्छ पांढरे कापड दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. कापड मळत गेले तशी त्याला अनित्यता समजली. चूळपंथकाला कोणता आजार होता हे शोधायचे कारण नाही. आपल्यासाठी त्यात इतके पुरे आहे की शिष्य शिकेना तेव्हा गुरूने शिष्य टाकला नाही, शिकवण्याची रीत बदलली. भिंतीवर चित्रे चिकटवणारी ही आई तेच करते आहे. मग विहाराने का करू नये? शाळेने का करू नये? जयंती मंडळाने का करू नये?

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

आई-वडिलांना : वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द हरवले असतील, तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणत थांबू नका. आधी कान तपासून घ्या. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि शंका स्वतः बोलून दाखवा. स्टेम सेलने मूल बरे करतो असे कुणी सांगितले, तर दागिने मोडू नका. स्वमग्नतेवर तो उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 सालीच सांगितले आहे.

हक्कांविषयी : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. सरकारमान्य शाळा "तुमचं मूल ऐकत नाही, घेऊन जा" असे सांगू शकत नाही. सांगितले तर लेखी मागा. तोंडी हाकलणारे लेखी द्यायला कचरतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचा शासनाचा आदेश आहे. एवढे कारखाने असलेल्या पट्ट्यात त्या पैशातून एक वाचा-उपचार केंद्र का उभे राहू नये, हे ग्रामसभेत आपण विचारायला हवे. एकट्या आईने विचारले तर तिला बसवतात. विहारातून वीस जण उठले तर बसवता येत नाही.

कामगार बांधवांना : आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती 1946 साली झाली, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. उरलेले तास माणसाला माणूस म्हणून जगता यावे यासाठी होते. आज कंत्राटात बारा तास राबून बाप घरी येतो, तेव्हा मूल झोपलेले असते. मुलाच्या वाट्याचे तास मागणे हाही युनियनचा मुद्दा आहे.

आणि जयंती मंडळांना. हे लिहिताना आमचाही हात जड होतो, कारण त्या मिरवणुकीत आम्हीही नाचलो आहोत. ज्यांना रस्त्यावरून चालू दिले नाही, त्यांनी वाजतगाजत रस्त्यावर येणे यात काय आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. पण कायद्याने रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, आणि आपल्या भिंती त्याच्या कितीतरी पुढे जातात. इतरांच्या उत्सवातही जातात हे खरे. पण आपण बाबासाहेबांची लेकरे इतरांकडे बघून चालायला लागलो कधीपासून? निदान अशी मुले, तान्ही बाळे, हृदयाचे रुग्ण असलेल्या गल्लीतून जाताना डीजे बंद ठेवा, लेझीम आणि घोषणांवर चाला. आधी घरोघरी जाऊन वेळ सांगा. कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे माहीत असले, तरी या मुलांच्या घराला अर्धा आधार मिळतो.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही एका विहारात बौद्धाचार्यांना विनंती केली होती. सकाळी सात ते आठ भोंगा बंद, वंदना हळू आवाजात, चार-पाच कुटुंबेच. त्या आईने पांढरी साडी नेसली होती. मुलाने मूर्तीपुढे फूल ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. असे सात-आठ वेळा. कुणी त्याला ओढले नाही की हसले नाही. आईने त्या विहारात पहिल्यांदाच त्रिसरण पूर्ण म्हटले.

त्या तासाला एक रुपयाही खर्च आला नाही. पुढच्या जयंतीची बैठक बसेल, तेव्हा वर्गणीच्या आधी हा विषय घ्या. आपल्या गल्लीत दार लावून कोण बसते, ते विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!