रविवार आणि शेजार

सुटीच्या दिवशी गावातील माणसे काय करतात, ह्यावरून त्या गावाची प्रकृती ओळखावी. आपल्याकडे मात्र रविवारचा विचार करावयाचा तो पर्यटकांच्या सोयीने, असा जणू प्रघातच पडला आहे. पाहुण्याने शनिवारी रात्री कोठे नाचावे आणि रविवारी संध्याकाळी कोणत्या बोटीत बसावे, ह्याची चिंता वाहणारी खाती आणि महामंडळे आहेत. परंतु डिचोलीतील कारकुनाने, कुंकळ्ळीतील गवंड्याने किंवा वास्कोतील बंदर-कामगाराने आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमवेत सुटीचे चार तास कोठे घालवावेत, हा प्रश्न कोणत्याही खात्याच्या टेबलावर नाही. 2025 मध्ये मुरगांव परिसरातील रस्त्यांवर मोटारशर्यती भरविण्याची कल्पना पुढे आली आणि तेथील रहिवाशांनी तिला विरोध केला. अशा कल्पनांचे समर्थन करताना अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो. तेथे म्हणे लाखो लोक मोटारशर्यतींवर जीव टाकतात! दाखला आम्हांस मान्य आहे. फक्त तो पुरता द्यावा.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वेड आहे ते 'स्टॉक कार' शर्यतींचे. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकावयास ठेवलेली, चारचौघे वापरतात तीच मोटार. शर्यतीसाठी मुद्दाम घडविलेले यंत्र नव्हे. (आज मोठ्या शर्यतींतील गाड्यांचे केवळ बाह्यरूप तसे उरले आहे, हा भाग निराळा.) उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ मुलखात कर चुकवून गाळलेली दारू रात्रीबेरात्री शहरांत पोचविणारे तरुण होते. पोलिसांच्या हातावर तुरी देता याव्यात म्हणून त्यांनी आपल्या फोर्ड गाड्यांची इंजिने सुधारून घेतली. आणि मग कोणाची गाडी अधिक धावते, हे सुटीच्या दिवशी कुणाच्या तरी शेतातल्या मातीच्या गोल धावपट्टीवर ठरू लागले. नाके चुकवून दारू सीमेपलीकडे नेणाऱ्यांच्या हकिकती गोमंतकीय वाचकाला अपरिचित नसाव्यात. फरक इतकाच की, तिकडे त्या धंद्यातून एक खेळ निघाला. विल्क्स परगण्यातील ज्युनियर जॉन्सन हा नामांकित शर्यतपटू 1956 मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला, आणि 1986 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. या विस्कळीत खेळाला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स यांनी 1947 च्या डिसेंबरात फ्लोरिडातील डेटोना बीच येथे मंडळी जमविली, व 1948 च्या फेब्रुवारीत 'नॅसकार' ही संस्था रीतसर उभी राहिली. डेटोनाच्या शर्यती 1958 पर्यंत चक्क समुद्राच्या वाळूवरून आणि लगतच्या रस्त्यावरून होत असत. आपल्या किनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई असताही ती नेऊन वाळूत रुतवून घेणाऱ्या पाहुण्यांना हे कळू न दिलेलेच बरे!

ह्या मोटारवेडाचे मूळ सायकलीत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 1909 मध्ये सुरू झालेल्या इंडियानापोलिसच्या सुप्रसिद्ध धावपट्टीचे एक संस्थापक कार्ल फिशर हे त्याच शहरात सायकलींचे दुकान चालवीत. आरंभीच्या काळातला बडा शर्यतपटू बार्नी ओल्डफील्ड आणि ज्याच्या नावाने आजही मोटारी विकल्या जातात तो लुई शेव्हरोले, हे दोघेही प्रथम सायकलपटू होते. 1910 नंतर मोटारींसाठी लाकडी फळ्यांच्या उतरत्या धावपट्ट्या बांधल्या गेल्या, त्याही सायकलशर्यतींच्या मैदानांवरून बेतलेल्या. एवढेच नव्हे, तर अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची मागणी पहिल्यांदा संघटितपणे कोणी केली असेल, तर ती 1880 मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने. पुढे त्याच रस्त्यांवरून मोटारीने सायकलला हुसकावून लावले. उपकाराची अशी फेड जगात सर्वत्रच होते.

आता अमेरिकेच्या दाखल्याचा जो भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही, त्याकडे वळू. उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम हे तंबाखूच्या कारखान्यांवर वाढलेले शहर. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून तेथे बोमन ग्रे नावाचे क्रीडांगण उभे राहिले. मैदान नगरपालिकेचे. मध्ये फुटबॉल खेळावयाचा आणि भोवती केवळ पाव मैलाची, म्हणजे सुमारे 400 मीटरची सपाट धावपट्टी. बिल फ्रान्स आणि त्यांचे भागीदार आल्विन हॉकिन्स यांनी 1949 मध्ये तेथे शर्यती सुरू केल्या. तेव्हापासून उन्हाळाभर शनिवारी रात्री गाव तेथे लोटते. धावपट्टी इतकी अरुंद की, गाड्या एकमेकींना घासल्यावाचून पुढे सरकतच नाहीत. चालक कोण? आठवडाभर गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणारा, छपरे घालणारा, स्वतःचे लहानसे दुकान चालविणारा. ज्याने मंगळवारी आपला गळका नळ दुरुस्त केला, तोच शनिवारी तिसऱ्या वळणावर दुसऱ्याच्या गाडीला धक्का देतो, आणि निम्मे स्टेडियम त्याच्या नावाने शंख करते. ठरलेल्या बाकावर ठरलेली कुटुंबे बसतात. आजोबांनी ज्या घराण्याची बाजू घेतली, तिचीच नातूही घेतो. गोव्यातील वाड्यावाड्यांच्या फुटबॉल सामन्यांत रेफ्रीची जी पूजा बांधली जाते, ती पाहिलेल्यांना हे चित्र नवे वाटणार नाही.

ह्या करमणुकीत धोका नाही वा कलकलाट नाही, असे आमचे म्हणणे नाही. इंधन जळते, कान बधिर होतात, प्रसंगी हाणामारीही होते. परंतु ही शर्यत गावाची आहे. तिच्यासाठी कोणाच्या घरासमोरचा रस्ता बंद होत नाही, आणि तिकिटाचा पैसा बव्हंशी गावात फिरतो.

ह्याच खेळाची दुसरी बाजू पाहा. 18 फेब्रुवारी 1979 रोजी डेटोनाची 500 मैलांची शर्यत प्रथमच आरंभापासून अंतापर्यंत दूरचित्रवाणीवर थेट दाखविली गेली. पूर्वेकडील राज्ये हिमवादळाने घरात कोंडलेली होती. अखेरच्या फेरीत आघाडीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, चालक मैदानातच गुद्द्यांवर आले, रिचर्ड पेटी मागून येऊन जिंकला, आणि घरबसल्या प्रेक्षकांना हा खेळ कमालीचा आवडला. पैसा आला, बडे प्रायोजक आले. पैसा आला की, तो लहान गावे सोडून मोठ्या शहरांकडे जातो. विल्क्स परगण्यातच 1947 पासून नॉर्थ विल्क्सबरोची धावपट्टी होती, दारूवाल्यांच्या त्या मूळ मुलखात. 1996 मध्ये ती नव्या मालकांच्या हाती गेली; त्यांनी तिच्या वाट्याच्या मोठ्या शर्यती टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला हलविल्या. मागे राहिली गंजलेली बाके आणि डांबरातून उगवलेले गवत. गावकऱ्यांनी नेट सोडला नाही, राज्याचे साहाय्य आले, 2022 मध्ये धावपट्टी पुन्हा सुरू झाली आणि 2023 च्या मे महिन्यात तेथे नॅसकारच्या निवडक चालकांची शर्यत झाली. दरम्यान बड्या धावपट्ट्यांवर प्रेक्षक रोडावल्यामुळे आसनेच काढून टाकण्याची पाळी आली होती. 2 फेब्रुवारी 2025 रोजी नॅसकारच्या सर्वोच्च श्रेणीच्या गाड्या 1971 नंतर प्रथमच बोमन ग्रेच्या त्या पाव मैलाच्या रिंगणात उतरल्या. थोरल्यांना धाकट्याचे दार ठोठवावे लागले ते हौसेखातर नव्हे!

शेजार म्हटले की, त्यात कोणास बसू द्यावयाचे नाही हेही शेजारीच ठरवितात, ही गोष्ट झाकून ठेवता कामा नये. इंडियानापोलिसचा कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर 1899 मध्ये जगज्जेता झाला. पण ज्या सायकलस्वारांच्या संघटनेचे गुणगान आम्ही वर केले, तिने 1894 मध्येच कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते. स्टॉक कार शर्यतींत वेंडेल स्कॉटने 1 डिसेंबर 1963 रोजी जॅक्सनव्हिल येथे विजय मिळविला, तेव्हा चषक दुसऱ्याच्याच हाती देण्यात आला. मोजणीत चूक झाल्याचे काही तासांनी मान्य झाले, परंतु तोवर प्रेक्षक घरी गेले होते. नॅसकारने स्कॉटच्या कुटुंबीयांना तो सन्मानचषक 2021 मध्ये दिला. स्कॉट 1990 मध्येच वारला होता. आपल्याकडील मैदानांवर, देवळांच्या प्रांगणांत, क्लबांच्या व्हरांड्यांत कोणास मुक्तद्वार आहे आणि कोणास नाही, ह्याचा हिशेब वाचकांनी आपापल्या गावापुरता स्वतः करावा.

गोव्याचा रविवार एकेकाळी असाच गावाचा होता. सासष्टीतील धिर्यो हे त्याचे सर्वांत गाजलेले रूप. 1996 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, ती योग्यच होती, असे आमचे मत आहे. मुक्या जनावराच्या रक्तावर शेजारधर्म जोपासता येत नाही. तथापि बंदी घातल्यावर त्या गर्दीला, त्या चर्चेला, त्या ओळखीपाळखीला दुसरी जागा द्यावी, हे सुचावयास हवे होते. ते कोणाला सुचले नाही. म्हणूनच चोरून झुंजी लावल्या जातात आणि विधानसभेत अधूनमधून धिर्योंना कायदेशीर करण्याची मागणी उठते. कापणीनंतर ज्या शेतांत पोरे फुटबॉल खेळत, त्यांतील कितीतरी जागांवर आता बंगल्यांच्या रांगा आहेत.

आणि सायकल? ती आता पोदेराकडे उरली आहे. पहाटे त्याचा भोंगा वाजतो, तेवढ्यापुरताच रस्ता तिचा. 2011 च्या जनगणनेत ज्या राज्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, त्याच्या नोंदवहीत आज त्याहून अधिक वाहने आहेत. 2022 ते 2024 ह्या तिन्ही वर्षांत गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अशा रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलाला सायकल देऊन कोणता बाप निर्धास्त राहील? आणि ह्याच रस्त्यांवर वेगाचा उत्सव करावा, असे ज्यांना वाटते त्यांच्या धैर्याचे कौतुक कोणत्या शब्दांत करावे?

हैदराबादने हा अनुभव घेतला आहे. 11 फेब्रुवारी 2023 रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. शहराच्या ऐन मध्यातील रस्ते बंद पडले, वाहनांच्या रांगा लागल्या, छायाचित्रे उत्तम आली. सरकार बदलले, 2024 ची शर्यत रद्द झाली, आणि आयोजनासाठी दिलेल्या रकमांबाबत त्या वर्षीच्या डिसेंबरात गुन्हाही नोंदविला गेला. त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु त्याच शहराने 1 ऑक्टोबर 2023 रोजी बाह्य वर्तुळमार्गालगत 23 किलोमीटरचा सायकलमार्ग खुला केला. त्याच्या छपरावर सौर पट्ट्या बसविल्या असून खाली सावली आणि वर वीज असा दुहेरी लाभ होतो. शहरातल्या दाट वस्तीतील मुलाला तेथवर पोचणे अवघड आहे, ही त्याची उणीव मोठीच. तरीही शर्यत एका दिवसाची ठरली आणि मार्ग जागेवर आहे. ज्यांना शर्यतीच हव्यात, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ आणि कोइमतूरला बांधीव धावपट्ट्या आहेत. गोव्यात कोणा हौशी धनिकाने स्वतःच्या पैशाने, वस्तीपासून दूर, सर्व परवाने घेऊन तशी बांधली, तर आमची हरकत नाही.

सरकारकडे आमची मागणी त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथेही रस्ते वाहनांनी तुंबलेलेच. तेथे 1974 पासून रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत ठरावीक रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांना, पादचाऱ्यांना आणि मुलाबाळांना मोकळे करतात. आरंभ थोड्या अंतराने झाला. आज ते 120 किलोमीटरच्या पुढे गेले आहे. पणजीत मांडवीच्या काठचा दयानंद बांदोडकर मार्ग ह्या कामासाठी जणू आखूनच ठेवलेला आहे. मिस्सेला जाणाऱ्यांची, मासळी बाजाराची, कदंबच्या गाड्यांची अडचण आम्ही जाणतो. तेव्हा वेळ आणि अंतर त्या भागातील रहिवाशांना विचारून ठरवावे. सकाळचे तीन तास आणि एक-दीड किलोमीटर एवढ्यानेही सुरुवात होऊ शकेल. मडगाव, म्हापसा आणि फोंडा येथील नगरपालिकांना आपापले रस्ते आमच्याहून चांगले ठाऊक आहेत. पणजी महानगरपालिकेने पावसाळा संपताच चार रविवार हा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी निविदा काढावयास नको की सल्लागार नेमावयास नको. लागतील ते दहा-बारा पोलीस आणि काही लोखंडी अडथळे. मंत्र्यांचा ताफा जावयाचा असला म्हणजे ते एका तासात रस्त्यावर येतात, असा आमचा अनुभव आहे.